टिंब, डाख आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द



इथे मी एरवी मुंग्यांबद्दल लिहितो. आज नाण्यांबद्दल लिहिणार आहे, पण शेवटी गाडी मुंग्यांवरच येणार आहे, तेव्हा नेहमीच्या वाचकांनी धीर धरावा. विषय आहे नाण्यांच्या कॅटलॉगमधला एकच शब्द: दुर्मीळ. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या नाण्यांचे बारीकसारीक उपप्रकार शोधणाऱ्या संग्राहकांच्या जगात या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे आणि तरीही एक तक्रार आहे. तक्रारीची सुरुवात माझ्याच गाढवपणापासून करतो.

आमच्या आजीच्या माळेत व्हिक्टोरिया राणीचे ११ रुपये आहेत. पूर्वी चांदीच्या रुपयांना कडी लावून माळ करायचे, तशी. त्यातल्या बहुतेकांवर साल आहे १८६२. मागच्या दिवाळीत मी त्यातला एक रुपया भिंगाखाली धरला, तर सालाच्या बाजूला एक स्वच्छ, गोल, उठावदार टिंब दिसलं. अशा जागी टिंब असलेला प्रकार माझ्याकडच्या एकाही कॅटलॉगमध्ये नव्हता. मी फोटो काढले, चार संग्राहक मित्रांना पाठवले, वर ‘नोंद नसलेला, अत्यंत दुर्मीळ उपप्रकार’ असं लिहून मोकळा झालो. आठ दिवस हवेत होतो.

नवव्या दिवशी आजी माळेची तुटलेली कडी दुरुस्त करायला सोनारांकडे निघाली, मीही बरोबर गेलो. त्यांना ते टिंब मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रुपया डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अरे बाळा, हा डाख आहे. कडी बसवताना थेंब उडालाय.”

झालं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा सोनाराच्या हातून उडालेला डाखाचा थेंब मी राणीच्या टांकसाळीच्या नावावर जमा केला होता.

टिंब येतं कुठून?

चूक कुठे झाली हे कळायला नाणं कसं पाडतात ते थोडक्यात बघू. नाण्याच्या दोन बाजूंसाठी पोलादाचे दोन ठसे असतात, त्यांना डाय म्हणतात. डायवर चित्र उलटं आणि खोलगट कोरलेलं असतं. धातूची चकती मध्ये ठेवून दाब दिला की ते चित्र नाण्यावर सुलटं आणि उठावदार उमटतं. म्हणजे नाण्यावर दिसणारं उठावदार टिंब हे डायवरचं एक भोक असतं. हे भोक कुणी मुद्दाम पाडलेलं असेल, किंवा डायचा टवका उडून, गंज लागून आपोआप पडलेलं असेल. नाण्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तिसरी शक्यता अशी, की टिंबाचा डायशी काही संबंधच नाही आणि ते नंतर कुणीतरी चिकटवलेलं आहे. माझा रुपया हा या तिसऱ्या वर्गातला.

मुद्दाम पाडलेल्या टिंबाचं उत्तम उदाहरण म्हणजे हाच १८६२ चा रुपया. यावरचं साल १८६२ असलं तरी सगळे रुपये त्या वर्षी पाडलेले नाहीत. १८७४ पर्यंत तेच साल पुढे चालू राहिलं. त्याआधी कंपनीच्या काळातही १८३५ सालचा रुपया १८४० पर्यंत आणि १८४० सालचा रुपया राणीच्या सरकारची नवी नाणी येईपर्यंत पाडला जात होता. साल गोठवण्याची ही पद्धत आपल्याकडे आणखी जुनी आहे. बंगालमधल्या सिक्का रुपयावर शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष वर्षानुवर्षं तसंच छापलं गेलं. कारण होतं सराफांचा बट्टा. रुपया नवा असेल तर पुऱ्या किमतीला, साल उलटलं की तोच रुपया, तेवढीच चांदी, पण किंमत कमी धरायची. सालच बदललं नाही तर बट्टा कशावर लावणार? ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण आजही म्हणतो, ते या व्यवहारातून आलेलं.

आता साल गोठलं की टांकसाळीला स्वतःसाठी काहीतरी खूण हवी. मुंबईच्या टांकसाळीने १८६२ च्या रुपयावर सालाखाली, काही प्रकारांत वरच्या बाजूलाही, बारीक टिंबं दिली. टिंबांच्या संख्येवरून प्रत्यक्ष कोणत्या वर्षी पाडलं ते ओळखता येतं असं अभ्यासक मानतात. फ्रेड प्रिडमोर यांनी राष्ट्रकुलाच्या नाण्यांवर जी ग्रंथमाला लिहिली, तिच्यातला हिंदुस्थानचा भाग दोन खंडांत १९७५ आणि १९८० साली आला. आजही १८६२ चा रुपया हातात आला की माणूस राणीच्या मुखवट्याचे प्रकार आणि मागची टिंबं त्यांच्या पद्धतीने जुळवून बघतो.

डायच्या दोषाचं उदाहरण ब्रिटनमधलं घ्या. १८९७ च्या काही पेन्यांवर ‘वन’ या शब्दातल्या ओ आणि एन या अक्षरांच्या मध्ये एक टिंब आहे. ते कुणी संकेत म्हणून दिलेलं नाही, डायमध्ये झालेली इजा आहे. तरी संग्राहक त्याला स्वतंत्र उपप्रकार मानतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात.

संकेत आणि इजा यांतला फरक ओळखायचा कसा? एका नाण्यावरून बहुतेक वेळा ओळखताच येत नाही. अनेक नाणी शेजारी ठेवावी लागतात. मुद्दाम दिलेलं टिंब वेगवेगळ्या डायवर असतं, हाताने ठोकलेलं असल्यामुळे दर डायवर केसभर इकडेतिकडे सरकतं. इजेचं टिंब एकाच डायचं, म्हणून प्रत्येक नाण्यावर तंतोतंत त्याच जागी येतं आणि त्या डायच्या बाकीच्या बारीक भेगा-खुणाही बरोबर येतात. आणि डाखाचं टिंब जगात एकाच नाण्यावर असतं. माझी पहिली चूक हीच. एकुलतं एक नाणं बघून मी त्याला ‘प्रकार’ म्हटलं. ‘एकच आहे’ ही मला दुर्मीळतेची खूण वाटली. खरं तर तीच धोक्याची घंटा होती.

फ्रीमन यांचं मोठेपण

ब्रिटिश ब्राँझ नाण्यांबाबत अशी गफलत होऊ नये म्हणून एका माणसाने भक्कम पाया घालून दिला आहे: मायकेल फ्रीमन. १८६० साली ब्रिटनने जाडजूड तांब्याची पेनी सोडून ब्राँझची पातळ पेनी आणली. ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथिल, १ टक्का जस्त. पहिल्या काही वर्षांत डाय टिकेनात, चित्रात सारख्या दुरुस्त्या झाल्या, आणि त्यातून उपप्रकारांचं रान माजलं. फ्रीमन यांचं ब्रिटनच्या ब्राँझ नाण्यांवरचं पुस्तक १९७० साली आलं, सुधारित आवृत्ती १९८५ साली.

त्यांची पद्धत फार साधी आहे. छाप्याच्या प्रत्येक वेगळ्या डाय-प्रकाराला आकडा आणि काट्याच्या प्रत्येक प्रकाराला इंग्रजी अक्षर. १८६२ ची नेहमी मिळणारी पेनी म्हणजे ‘६+जी’. एवढं सांगितलं की जगाच्या पाठीवर कुठलाही संग्राहक तुमची पेनी डोळ्यांसमोर आणू शकतो. ‘राणीचे केस जरा वेगळे वाटतात’ या पातळीवरची चर्चा त्यांनी ‘कोणत्या मोत्याचं टोक कोणत्या अक्षराकडे रोखलेलं आहे’ इथवर नेली. विज्ञानात याला आम्ही वर्गीकरण म्हणतो, आणि चांगलं वर्गीकरण म्हणजे निम्मं संशोधन.

वेळही नेमकी साधली गेली. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारलं आणि त्याच वर्षी जुनी पेनी व्यवहारातून गेली. त्याआधीपर्यंत दुकानातल्या सुट्या पैशांत व्हिक्टोरियाच्या शंभर वर्षं जुन्या पेन्या यायच्या. नमुना गोळा करायला एवढी मोठी, फुकट आणि रोज फिरणारी प्रयोगशाळा पुन्हा मिळणार नव्हती.

फ्रीमन यांनी प्रत्येक जोडीला दुर्मीळतेचा एक दर्जाही दिला. आर-१ ते आर-२०, आकडा जितका मोठा तितकं नाणं विरळ. माझी तक्रार या दर्जाच्या वापराबद्दल आहे.

‘दुर्मीळ’चे तीन अर्थ

लिलावाची कुठलीही यादी उघडा. पेनीचं वर्णन, फ्रीमन क्रमांक आणि शेजारी आर-अमुक. जणू काही हा आकडा नाण्याच्या वजनासारखा त्याचा अंगभूत गुण आहे. पण वजन आज मोजा नाहीतर शंभर वर्षांनी मोजा, झिजेपुरता फरक पडेल. दुर्मीळतेचा आकडा हा अंदाज असतो. कुणी, कधी, कुठे, किती नाणी बघून केला यावर तो अवलंबून असतो. १९८५ चा अंदाज आज चाळीस वर्षांनी जसाच्या तसा छापणं म्हणजे जुन्या जनगणनेवरून आजची लोकसंख्या सांगण्यासारखं आहे. त्यात अंदाज बांधणाऱ्याचा दोष नाही. आकडा उचलायचा आणि त्यामागचा ‘अंदाजे’ गाळायचा, हा दोष आपला.

शिवाय या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. नाणी कमी पाडली गेली, कमी उरली, किंवा कमी शोधली गेली. तिन्हींची उदाहरणं बघा.

कमी पाडली गेली: १९३३ ची ब्रिटिश पेनी. त्या वर्षी बाजारात पुरेशा पेन्या होत्या, म्हणून मोजक्याच पाडल्या. आज सातच्या आसपास माहीत आहेत. इथे वाद नाही.

कमी उरली: कॅनडाचा १९३६ चा टिंबवाला सेंट. जानेवारी १९३६ मध्ये पाचवे जॉर्ज वारले, डिसेंबरात आठव्या एडवर्ड यांनी गादी सोडली, सहाव्या जॉर्ज यांचे डाय तयार नव्हते. म्हणून ओटावाच्या टांकसाळीने १९३७ च्या सुरुवातीला १९३६ चेच डाय वापरले आणि वेगळेपण कळावं म्हणून सालाखाली टिंब दिलं. आपल्या मुंबईच्या रुपयासारखंच. आता गंमत बघा. टांकसाळीच्या दप्तरात असे ६,७८,८२३ सेंट पाडल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात माहीत आहेत फक्त तीन. उलट त्याच वेळच्या टिंबवाल्या २५ सेंटच्या नाण्याची नोंद १,५३,३२२ ची, आणि ते नाणं पैसे मोजले तर मिळतं. दप्तरातला आकडा चौपट, हातात मात्र तीनच नाणी. टांकसाळीच्या आकड्यावरून दुर्मीळता सांगणाऱ्यांनी ही जोडी भिंतीवर लिहून ठेवावी.

याच्या उलटंही घडतं. २००९ चं लंडनच्या क्यू उद्यानाचं ५० पेन्स हे नाणं फक्त २,१०,००० पाडलं होतं. पण गाजावाजा एवढा झाला की लोकांनी ते खर्चायचंच बंद केलं. पाडली कमी, उरली जवळजवळ सगळी. आपल्याकडचा १९११ चा रुपयाही तसाच. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, बोभाटा झाला, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट केली आणि जुने रुपये मागे घेतले. तरी हा रुपया संग्राहकाला आजही सहज मिळतो, कारण गोष्ट ऐकून लोकांनी तो जपला.

कमी शोधली गेली: हा तिसरा अर्थ सगळ्यात फसवा. एखादा उपप्रकार कॅटलॉगमध्ये नोंदला जाईपर्यंत त्याला कुणी शोधतच नाही, म्हणून तो ‘दुर्मीळ’ असतो. नोंद झाली, फोटो फिरले, की जो तो आपापले डबे उघडतो आणि नाणी निघू लागतात. नाणी तेवढीच असतात, बघणारे डोळे वाढलेले असतात. पहिल्या वर्षी चढ्या भावाने घेणाऱ्याने भाव नाण्याला दिला की आपल्या अज्ञानाला, हे त्याचं त्याने ठरवावं.

झिजलेल्या नाण्यांचं काय?

१८६२ च्या रुपयाबाबत यात आणखी एक पाचर आहे आणि ती मला फारशी कुठे चर्चेत दिसली नाही. टिंब बारीक असतं, उठावदार असतं, आणि व्यवहारात फिरलेल्या रुपयावर आधी घासलं जातं ते असलंच काहीतरी. पूर्ण घासलं की टिंबवाला रुपया बिनटिंबाचा दिसतो. मोजणारा त्याला बिनटिंबाच्या रकान्यात टाकतो. परिणाम काय? बिनटिंबाचा प्रकार आहे त्याहून जास्त दिसतो आणि टिंबवाले प्रकार आहेत त्याहून कमी. ही चूक एकाच दिशेने होते. त्यामुळे अशी हजार नाणी मोजलीत तरी ती चूक कमी होत नाही, उलट तुमचा चुकीवरचा विश्वास तेवढा वाढतो.

उपाय सोपा आहे. मोजताना तिसरा रकाना ठेवायचा: ‘वाचता येत नाही’. आजीच्या ११ रुपयांपैकी ४ मला त्या रकान्यात टाकावे लागले. आधी मी ते चारही बिनदिक्कत ‘बिनटिंब’ लिहिले होते.

मुंग्यांकडून थोडं गणित

आता मुंग्या. जंगलात मातीत पेले पुरून आम्ही मुंग्यांचे नमुने गोळा करतो. किती जाती सापडल्या हे मोजणं सोपं. न सापडलेल्या किती, हा खरा प्रश्न. त्याचं एक सुंदर उत्तर ॲलन ट्युरिंग यांच्या डोक्यातून निघालं. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडत होते. त्यांचे तेव्हाचे सहकारी आय. जे. गुड यांनी ते १९५३ साली प्रसिद्ध केलं. गाभा एवढाच: जे प्रकार तुम्हाला फक्त एकदाच दिसले, त्यांच्याकडे बघा. न दिसलेल्यांची बातमी तेच देतात.

समजा, तुम्ही २०० रुपये तपासले आणि त्यात १२ उपप्रकार निघाले. त्यातले ३ एकेकदाच दिसले. तर पुढचा रुपया तुम्हाला अजून न दिसलेल्या प्रकाराचा असण्याची शक्यता साधारण ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्का. एकेकदा दिसलेले प्रकार ३ ऐवजी ३० असते, तर तुमचा कॅटलॉग अजून अर्धवट आहे असं समजायचं. नाण्यांच्या डायची संख्या काढायला वॉरन एस्टी या गणितज्ञाने याच विचारावर आधारलेली सूत्रं मांडली आहेत. ती प्राचीन ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या अभ्यासात वापरली जातात. व्हिक्टोरियाच्या पेन्या आणि रुपयांनी काय घोडं मारलंय?

दुसरा नियम तर पाठच करून ठेवा. एखादा प्रकार तुम्हाला ३०० नाण्यांत एकदाही दिसला नाही, तर तुम्ही फार तर एवढंच म्हणू शकता, की त्याचं प्रमाण बहुधा एक टक्क्यापेक्षा कमी आहे. ३ भागिले ३००. आता कल्पना करा, त्या सालाचे एक कोटी रुपये जगात उरलेत. त्यांचा एक टक्का म्हणजे एक लाख. ‘मी तीनशे बघितले, एकही नाही’ हे वाक्य अत्यंत दुर्मीळ या अर्थाने उच्चारलं जातं, आणि ते एक लाख नाण्यांशी सहज जुळतं.

यातही एक अट आहे. बघितलेली नाणी सरमिसळ, न निवडलेली हवीत. लिलावाच्या यादीत चांगली आणि महाग नाणीच येतात. साधी नाणी तिथे येतच नाहीत, म्हणून तिथली टक्केवारी जगाची टक्केवारी नव्हे. आजीची माळ हा त्या मानाने प्रामाणिक नमुना. सोनाराने टिंबं बघून रुपये निवडले नव्हते.

मग मी एवढा का चिडलोय?

डाखाचा किस्सा मी आमच्या गाईड मॅडमना हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तिसऱ्या प्रकरणात तू सात जातींना दुर्मीळ म्हटलंयस. कोणत्या अर्थाने?”

मी घरी येऊन ते प्रकरण उघडलं. सातपैकी पाच जाती मला एकेकदाच सापडल्या होत्या. त्यातल्या दोन झाडावर राहणाऱ्या, आणि माझे सगळे पेले जमिनीत. म्हणजे त्या कमी आहेत असं मला कळलंच नव्हतं. मी चुकीच्या जागी शोधत होतो एवढंच कळलं होतं. एका नमुन्याची ओळखच पुन्हा तपासायला लागली. तो माझा डाखाचा थेंब निघाला. ‘दुर्मीळ’ या शब्दावर माझ्या प्रकरणाचा निष्कर्ष उभा होता आणि त्या निष्कर्षावर कोणती देवराई आधी वाचवावी याची शिफारस. नाण्यात चुकलो तर माझे पैसे जातात. इथे चुकलो तर भलतीच देवराई यादीत वर जाते आणि खरी गरज असलेली खाली राहते. प्रकरण पुन्हा लिहितोय, म्हणून इथे दोन महिने शुकशुकाट होता.

संग्राहकांकडे माझी मागणी फार नाही. ‘आर-१७’ लिहा, पण पुढे कुणाचा अंदाज आणि कोणत्या सालचा तेही लिहा. नवा उपप्रकार सापडला म्हणायच्या आधी त्याच जागी तेच टिंब असलेलं दुसरं नाणं दाखवा. आणि किती बघितली तो आकडा लपवू नका. ‘दोन सापडली’ याला अर्थ नाही, ‘सहाशेत दोन सापडली’ याला आहे. फ्रीमन आणि प्रिडमोर यांनी वर्गीकरणाचं कष्टाचं काम करून ठेवलंय. मोजणीचं काम आपलं आहे आणि ते एकट्याने होणारं नाही.

तुमच्या घरी १८६२ चे रुपये असतील तर एक करा. रांगोळीने किंवा चिंचेने घासू नका, उरलंसुरलं टिंबही जाईल. सकाळच्या तिरप्या उन्हात धरा, भिंगातून सालाखाली बघा, आणि तीन रकान्यांची यादी करा: टिंबं किती, टिंब नाही, वाचता येत नाही. एकूण किती बघितले ते वर लिहा. माळेतला रुपया असेल तर आधी सोनाराला दाखवा.